रिमोट खराब आहे

"बाबा, तू मुद्दाम हरतोयस ना?"

मुलीनं रिमोट सोफ्यावर टाकला आणि हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसली. "असंच खेळायचं असेल तर मी नाही खेळणार. चीटिंग आहे ही."

रविवारची सकाळ होती. बायको स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होती आणि बाबा, म्हणजे माझे वडील, बाल्कनीजवळच्या त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत बसून आमचा खेळ बघत होते. मी हसलो. म्हणालो, "अगं, तूच चांगली खेळायला लागलीस." पण मी मुद्दाम हरत नव्हतो. जीव तोडून खेळत होतो आणि दहा वर्षांच्या पोरीकडून सपाटून मार खात होतो.

मार खाल्ल्याचं दुःख नाही. लहानपणापासून गेम खेळणाऱ्या माणसाला हरायची सवय असते. तो जिंकतो त्याच्या कैकपटीनं हरतो. टोचलं ते मुलीचं वाक्य. तेच वाक्य आमच्या घरात आधी एकदा बोललं गेलं होतं. तेव्हा हरणारे बाबा होते, आणि तेही मुद्दाम हरत नव्हते. पण ते आम्हाला कळायला फार उशीर झाला.

आम्ही तेव्हा भाईंदर पूर्वेला खारी गावाच्या कडेला राहायचो, एका खोलीत आणि स्वयंपाकघरात. मी सातवीत असताना दिवाळीला बाबांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला. त्याची कॅसेट पिवळी होती आणि तिच्यावर हजारांत गेम असल्याचं छापलं होतं. प्रत्यक्षात तेच आठ-दहा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. मला ती लबाडी पहिल्याच दिवशी कळली आणि तरीही मी कित्येक महिने यादीच्या शेवटपर्यंत जाऊन बघत राहिलो, न जाणो एखादा खरा नवा निघाला तर. गेमसोबत एक प्लॅस्टिकची बंदूक होती, बदकं मारायला. आणि दोन रिमोट. वायरीनं जोडलेल्या, बटणांच्या त्या चपट्या ठोकळ्याला आमच्याकडे सगळी पोरं रिमोटच म्हणायची. मी अजून म्हणतो आणि माझ्यामुळे मुलगीही म्हणते.

आमचा आवडता गेम रणगाड्यांचा. खाली मधोमध आपला किल्ला, त्याभोवती विटांची भिंत, वरून शत्रूचे रणगाडे येणार. दोघांनी मिळून किल्ला सांभाळायचा. पण आमच्या घरचा नियम असा की जो जास्त रणगाडे उडवील तो जिंकला. बाबा एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. कागदावर हातानं रेघ मारली तर पट्टी लावून बघावं लागे, इतका त्यांचा हात स्थिर. गेममध्ये त्यांची एक खासियत होती. शत्रूची गोळी समोरून आली की ते जागचे हलायचे नाहीत. नेमक्या क्षणी आपली गोळी मारून तिला हवेतच विझवायचे. दोन गोळ्या एकमेकींना भिडल्या की दोन्ही नाहीशा होतात. मी पळायचो, ते उभे राहायचे. पुढं मीही ते शिकलो, आणि आयुष्यात दुसरं काही इतक्या चिकाटीनं शिकलो असेन असं वाटत नाही.

मग दहावीच्या सुट्टीत बाबा हरायला लागले.

पहिल्यांदा हरले तेव्हा म्हणाले, "रिमोट खराब आहे. तुझा दे बघू." मी दिला. तरी हरले. मग त्यांनी रिमोट उघडला, आतलं रबर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, पुन्हा बसवलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. "हल्ली रबरं चांगली येत नाहीत," म्हणाले आणि नवा रिमोट घेऊन आले. मी सोफ्यावर, म्हणजे तेव्हा सोफा नव्हता, पलंगावर उभा राहून नाचायचो. एकदा मीच विचारलं, "बाबा, मुद्दाम हरताय ना?" आत कणीक मळणारी आई म्हणाली, "मग काय तर! दहावी झाली ना तुझी, म्हणून लाड चाललेत." बाबा रिमोट हातात फिरवत राहिले.

त्याच सुट्टीत आम्ही तिघं उत्तनला फिरायला गेलो होतो. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले. मी नाक धरून चालत होतो, आईनं पदर लावला होता. बाबा मात्र मजेत. "कसला वास? मला तर नाही येत," म्हणाले. आई हसली, "रत्नागिरीचं नाक तुमचं. तुम्हाला कसा येणार?" आम्ही सगळेच हसलो. काही वर्षांनी बाबांच्या ड्रॉइंगवरचं अक्षर इतकं बारीक झालं की ऑफिसातल्या लोकांना वाचता येईना, तेव्हा कुठे ते डॉक्टरकडे गेले. कंपवात निघाला. डॉक्टरांनी विचारलं, वास येणं कधीपासून बंद झालंय? अनेकांच्या बाबतीत वास आधी जातो, हात नंतर.

तर, अशा घरात माझ्या मुलीनं ते वाक्य उच्चारलं. आणि बाबा हरायला लागले तेव्हा जेवढ्या वयाचे होते त्याच्या जवळपास मी आता आलोय, चाळिशीच्या तोंडाशी.

त्या रविवारनंतर माझं डोकं ताळ्यावर राहिलं नाही. मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलो. बायकोला म्हणालो, थंडी वाजते. मीरा रोडला, मे महिन्यात. रस्त्यानं चालताना बंद दुकानांच्या काचांत बघायचो, दोन्ही हात सारखे हलतायत ना. कारण कंपवातात चालताना एक हात हलेनासा होतो असं वाचलं होतं. बघतोय म्हटलं की हात शहाण्यासारखे हलणार, आणि मग मला वाटणार की हे मीच हलवतोय, आपोआप हलत नाहीयेत. बेव्हर्ली पार्कच्या फुटपाथवर एक बरा दिसणारा गृहस्थ सैनिकासारखे हात हलवत दुकानाच्या काचेत बघत चाललाय, हे दृश्य कुणी पाहिलं असेल तर त्यानं मला वेगळ्याच डॉक्टरचा पत्ता दिला असता.

वासाची परीक्षा तर मी उत्तनला जाऊनच दिली. शनिवारी स्कूटर काढली, घरी सांगितलं की सर्व्हिसिंगला नेतो, आणि तडक किनारा गाठला. सुके बोंबील विकायला बसलेल्या एका मावशींच्या टोपलीवर वाकलो आणि श्वास घेतला. वास आला. मग वाटलं, पुरेसा आला का? लहानपणी याहून जास्त यायचा. पुन्हा वाकलो. पुन्हा. शेवटी मावशी भडकल्या.

"काय रं, मगापासून नुस्ता वास घेतंस. घ्याचा हाय का न्हाय?"

"मावशी, खरं सांगा, आज वास कमी आहे का?"

"कमी? माज्या म्हावऱ्याला कमी बोलतंस?" त्या टोपली मागे ओढत म्हणाल्या. मी ओशाळून पिशवीभर बोंबील घेतले. घरी दोन दिवस वास जाईना आणि बायको कावली. मी मनातून खूश होतो. प्रत्येक वेळी ती "शी, काय हा वास" म्हणाली की मी म्हणायचो, "हो ना, केवढा येतोय!"

पण हाताचं समाधान नाकानं होत नाही. आणि इथं माझा दुसरा छंद मदतीला आला, किंवा आडवा आला म्हणा.

मी विम्याच्या ऑफिसात क्लेम बघतो. प्रोग्रॅमिंग माझं काम नाही, खाज आहे. कॉलेजात असताना भाईंदर स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये शिकलो आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी छोटे-मोठे गेम लिहीत बसतो. उडी मारणारं मांजर, पडणारे नारळ, असले. ते मुलीशिवाय कुणी खेळत नाही आणि तीही पहिल्या पाच मिनिटांत त्यातल्या चुका काढते. तरी मला ते काम आवडतं. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला त्यात एक आधार आहे. प्रोग्रॅम बिघडला तर चूक कुठल्या तरी ओळीत असते. शोधली की सापडते. नाहीच सापडली तर एकेक भाग बदलून बघायचा. जो बदलल्यावर बिघाड गेला, तो दोषी. शरीराचं तसं नाही. तिथं बघता बघता वर्षं जातात आणि माणूस रिमोट पुसत बसतो.

म्हणून मी स्वतःची चाचणी घेणारा प्रोग्रॅम लिहिला. सोपा होता. पडदा काळा असतो, मध्येच हिरवा होतो, हिरवा झाला की बटण दाबायचं. दाबायला किती उशीर लागला ते आकड्यात दिसतं. लॅपटॉप टीव्हीला जोडला, म्हणजे बैठक तीच, सोफा तोच, अंतर तेच. परीक्षा कशी चोख झाली पाहिजे. रोज सकाळी सगळे उठायच्या आत मी ती द्यायचो. कुणी आलंच तर ऑफिसचं काम चाललंय असं सांगायचं. हिरव्या पडद्याकडे टक लावून बटण दाबणारा माणूस कुठल्या ऑफिसचं काम करतो हे कुणी विचारलं नाही.

आकडा वाईट आला. दुसऱ्या दिवशीही वाईट आला. माझ्या वयाच्या माणसाचा साधारण किती असतो ते नेटवर शोधलं, तर माझा त्याहून बराच जास्त. आधी चहा घेऊन बघितलं, मग चहा न घेता. उजव्या अंगठ्यानं, डाव्या अंगठ्यानं. प्रोग्रॅम दोनदा पहिल्यापासून तपासला. त्याच्या एकाही ओळीत चूक नव्हती. म्हणजे चूक माझ्यात होती. त्या आठवड्यात ऑफिसात सही करताना मी प्रत्येक सही आधीच्या सहीशी ताडून बघायला लागलो, बारीक होतेय का म्हणून.

बायकोला कळलंच होतं. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "एकदा दाखवून ये ना. बाबांचे डॉक्टर आहेतच की."

"काय दाखवू? पोरीशी गेममध्ये हरतो, हे?"

"हेच की. जे वाटतंय ते सांग."

"मला काही वाटत नाहीये!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाबांनी खुर्चीतून मान वळवली. आजारानं त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव पुसट केलेत, त्यामुळे त्यांना काय वाटतंय ते चेहऱ्यावरून कळत नाही. पण डोळे सगळं टिपत असतात. बाबांना महिन्याकाठी डॉक्टरकडे मीच नेतो. औषधांच्या वेळा मी सांभाळतो, जिन्यात हात मी धरतो. त्या दवाखान्यात बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची मला सवय आहे. त्यांच्या खुर्चीवर बसायची नव्हती.

मग एका रविवारी मुलीनं माळ्यावरच्या खोक्यातून ती जुनी बंदूक शोधून काढली. तो रणगाड्यांचा सेटसुद्धा तिनंच काही महिन्यांपूर्वी त्याच माळ्यावरून काढला होता. मधली कित्येक वर्षं मी तो खेळलोच नव्हतो. संगणकावरचे खेळलो, सायबर कॅफेत मित्रांबरोबर खेळलो, मोबाइलवर खेळलो. तो डबा मात्र बंद होता. घरात नवा मोठा टीव्ही आला आणि त्यानंतरच्याच सुट्टीत मुलीला तो डबा सापडला.

तिनं बंदूक जोडली, बदकांवर धाडधाड गोळ्या झाडल्या. एक पडेना. टीव्हीला नळी टेकवून झाडली, तरी नाही. "बाबा, ही पण बिघडलेय."

"बिघडली नाहीये," मी म्हणालो. या विषयावर मला कुणी विचारलं की मी सरसावतो. "अगं, ही नव्या टीव्हीवर चालत नाही. बंदुकीच्या आत एक डोळा असतो. आपण घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. तो बंदुकीला ताबडतोब दिसायला हवा. जुना टीव्ही ताबडतोब दाखवायचा. हे नवे टीव्ही चित्र आधी घेतात, त्याला रंगवतात, नटवतात आणि मग दाखवतात. तोवर बंदुकीची वेळ टळलेली. टीव्ही उशीर..."

आणि मी तिथंच थांबलो. तोंड उघडंच राहिलं.

"काय झालं?" मुलगी म्हणाली.

टीव्ही उशीर करत होता. गोळी मला दिसायची तोवर ती पुढं आलेली असायची. मी नेमक्या क्षणी बटण दाबत होतो, पण ज्या टीव्हीवर ते शिकलो तो टीव्ही आता नव्हता. आणि चाचणी? तीही मी त्याच टीव्हीवर घेत होतो! टीव्हीचा उशीर आणि अंगठ्याचा उशीर एकत्र मोजायचा आणि सगळा अंगठ्याच्या नावावर टाकायचा. पंचवीस-सत्तावीस वर्षं गेम खेळणाऱ्या, वर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसानं ही चूक करावी! दुसरा कुणी असता तर त्याच्या डोक्यात चाचणी घ्यायचंच आलं नसतं आणि तो सुखानं हरत राहिला असता.

मी लॅपटॉप टीव्हीपासून सोडवला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर चाचणी दिली. आकडा धाडकन खाली आला. चारचौघांसारखा, अगदी सामान्य. आयुष्यात सामान्य ठरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

बाबांनी टाकू न दिलेला जुना टीव्ही माळ्यावरच होता. तो उतरवताना माझी कंबर लचकली, पण उतरवला. बटण दाबल्यावर पडदा मधून बाहेर उजळत गेला आणि पहिल्याच डावात समोरून आलेली गोळी मी जागचा न हलता हवेत विझवली. दुसरी विझवली. मुलगी आता बावचळली, कारण ती उशिराच्या टीव्हीवर खेळायला शिकलेली, प्रत्येक बटण जरा आधीच दाबायची. मी तिला धू धू धुतलं. बायको दारात येऊन म्हणाली, "लहान पोरीला हरवून कोण नाचतं?" मी नाचत होतो. खुर्चीतून खोकल्यासारखा आवाज आला. बाबा हसत होते.

"मी खेळू?" ते म्हणाले.

त्यांनी वीस वर्षांत रिमोट हातात घेतला नव्हता. मी त्यांच्या हाताखाली उशी दिली. पण त्यांचा अंगठा बटणावर ठेवला की तो एकदा दाबायच्या ऐवजी पाच वेळा दाबायचा. रणगाडा वेड्यासारख्या गोळ्या झाडायचा आणि हवी तेव्हा गोळी निघायचीच नाही. दोन डावांत त्यांनी रिमोट खाली ठेवला. "जाऊ दे," म्हणाले. माझा नाच तिथंच संपला.

पण आता माझ्या अंगात उत्साह होता आणि यावर उपाय मला ठाऊक होता. कुठलंही बटण दाबलं की आतला धातू किंचित थरथरतो आणि एकदा दाबलेलं यंत्राला अनेकदा दाबल्यासारखं वाटतं. म्हणून प्रोग्रॅममध्ये चार ओळी अशा लिहितात की पहिलं दाबणं घ्यायचं आणि लगोलग आलेली बाकीची सोडून द्यायची. बटणाची थरथर चालवून घेता येते, तर माणसाची का नाही? मी आमचा रणगाड्यांचा गेम लॅपटॉपसाठी स्वतः लिहायला घेतला. शत्रू हळू, गोळ्या सावकाश, आणि बाबांच्या अंगठ्याची थरथर पोटात घालणाऱ्या त्या ओळी. किती दाबणी सोडून दिली तो आकडा दोन्ही खेळाडूंचा वेगवेगळा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवला, म्हणजे गाळणी नीट चाललेय का ते मला कळावं. स्टेशनजवळच्या दुकानातून लॅपटॉपला लागणारे दोन रिमोट आणले. दुकानदार म्हणाला, "चायना माल है भाई. चला तो चला."

गेल्या रविवारी गेम तयार झाला. बाबा विरुद्ध नात. डाव्या कोपऱ्यात बाबांचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा वाढत होता, पण पडद्यावरचा त्यांचा रणगाडा मात्र शांत होता. दाबलं की एकच गोळी. उजव्या कोपऱ्यात मुलीचं शून्य. तिसऱ्या डावात समोरून गोळी आली. बाबा हलले नाहीत. त्यांनी ती हवेत विझवली.

मुलगी किंचाळली, "आबा, हे कसं केलंत?" बाबांचे डोळे ओले झाले होते आणि माझेही. डाव ते हरले, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. "आता तू बस," मला म्हणाले आणि त्यांचा रिमोट माझ्या हातात दिला.

मी बसलो. छान खेळत होतो. पुढं होतो. मध्येच सहज माझी नजर डाव्या कोपऱ्यात गेली. डाव नव्यानं सुरू केल्यामुळे आकडा पुसला गेला होता, आता तिथं माझा होता. तो शून्य नव्हता.

फार नव्हता. बाबांच्या तुलनेत काहीच नाही. मी बघत असताना तो आणखी एकानं वाढला. उजवीकडे मुलीचं शून्य तसंच होतं. माझ्या रणगाड्याला समोरून गोळी लागली आणि डाव संपला.

"रिमोट खराब आहे," मी म्हणालो.

बोललो आणि ऐकलं. खोलीत ते वाक्य तसंच राहिलं. मुलगी लगेच म्हणाली, "माझा घे ना." तिनं रिमोट पुढं केला. आणि खरंच तेच करायला हवं होतं. एक भाग बदलायचा आणि बघायचं. चायना माल आहे, बाबांनी इतका वेळ दाबून बटण सैल झालं असेल. दोन मिनिटांचं काम. माझा हात तिच्या रिमोटकडे गेला.

"घेऊ नको," बाबा म्हणाले.

त्यांचा आवाज हल्ली इतका हळू झालाय की ऐकायला जवळ जावं लागतं. मी खुर्चीशी जाऊन बसलो. त्यांनी माझा हात स्वतःच्या हातात घेतला. थरथर कुणाची किती, ते मला कळेना.

"खराब असेल हो रिमोट," ते म्हणाले. "असेलच. पण आत्ता बदलून बघू नको. खराब निघाला तर तू जाणार नाहीस."

"कुठं?"

"डॉक्टरकडे. मी तीन रिमोट बदलले. आणि त्यातला एक खरंच खराब निघाला होता. म्हणून मी कितीतरी वर्षं गेलो नाही. गेलो तेव्हा एकटा गेलो. तुझ्या आईला सांगायलाही आठवडा लावला." श्वास घ्यायला थांबले. "तू एकटा नाही जायचं. मी येतो बरोबर."

दारात बायको उभी होती. ती आत गेली आणि फोन करून वेळ घेऊन आली.

ती वेळ उद्याची आहे. मी आतापासून घाबरलोय, हे लपवण्यात अर्थ नाही. बाबांनी उद्याचा शर्ट काढून खुर्चीवर ठेवलाय. बटणं लावायला वेळ लागतो म्हणून लवकर उठवायला सांगितलंय. मी लावून देतो म्हटलं तर नको म्हणाले, उद्या पेशंट तू आहेस. तो रिमोट त्यांनी रविवारीच माझ्याकडून मागून घेतला आणि आपल्या कपाटात ठेवला. कुलूप लावताना किल्ली बराच वेळ भोकात जाईना. मी उठलो, तर त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं. शेवटी लागलं कुलूप. किल्ली त्यांच्या खिशात आहे.